पाय काढला की थरथर

मैत्रिणींनो, स्वयंपाकघरात पाठमोरं उभं राहूनही आपल्याला किती गोष्टी कळतात, याचा कधी हिशेब केलाय? कुकरच्या कडेनं वाफ फुसफुसली की समजायचं, रिंग सैल झाली. मिक्सर ओल्या चटणीला गप्प आणि भिजल्या डाळीला घरघर करत असेल, तर भांड्याखालचं कपलर झिजलं. पंखा चालू असताना शांत आणि बटण बंद केल्यावर थांबता थांबता डुगडुगत असेल, तर स्टूल घेऊन पात्यांचे स्क्रू बघायचे. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. रोज तेच यंत्र आणि रोज तोच आवाज. त्याचं दुखणं केव्हा होतं आणि केव्हा होत नाही, हे कानांना आपोआप कळायला लागतं.

दारातली चारचाकी मात्र आपण परकी मानतो. तिचं काही बिनसलं की "हे बघतील" नाहीतर "मिस्त्री बघेल". आता आमच्या माढ्यासारख्या तालुक्याच्या गावातही कितीतरी जणी गाडी चालवतात. मुलांना क्लासला सोडतात, शेतावर डबा पोचवतात, म्हाताऱ्या माणसांचा दवाखाना करतात. पण गाडीच्या तळाखालचं जग अजून पुरुषांचंच समजलं जातं. त्या जगातल्या एका थरथरीची गोष्ट आज तुम्हांला सांगायची आहे. ती नुसती गोष्ट म्हणून वाचू नका. तुमच्या गाडीलाही कधीतरी हे दुखणं होईल, तेव्हा उपयोगी पडावी म्हणून सगळं तपशीलवार लिहिते.

आमची गाडी बारा वर्षांची, सेकंडहॅण्ड घेतलेली. इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, अशा पद्धतीची. पूर्वीच्या अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी याच पद्धतीच्या होत्या. १९८३ साली मारुती ८०० आली, तिच्यात जोर पुढच्याच चाकांना. आजच्या बहुतेक छोट्या गाड्या तशाच असतात. पण मोठ्या जीपा, मालवाहू टेम्पो, काही व्हॅन यांच्या तळाखालून अजूनही एक लांब दांडा जातो. तो इंजिनाकडचं फिरणं मागच्या चाकांपर्यंत पोचवतो. मिस्त्री लोक त्याला नुसतं 'शाफ्ट' म्हणतात.

सासूबाईंना दर तीन आठवड्यांनी बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयात न्यावं लागायचं. ह्यांची नोकरी फिरतीची, त्यामुळे गाडी मीच चालवायची. जाताना त्या माझ्याशी बोलत बसायच्या. येताना मात्र मागच्या सीटवर उशी घेऊन डोळे मिटून पडायच्या. औषधानं अंगात मळमळ असायची, आणि रस्त्यातला प्रत्येक धक्का त्यांच्या पोटापर्यंत जायचा. त्याच दिवसांत गाडीला हे नवं दुखणं लागलं.

लक्षण असं. तासाला साठ ते सत्तरच्या वेगात ॲक्सिलरेटरवर पाय असेपर्यंत गाडी लोण्यासारखी चालायची. समोर गाव आलं, गतिरोधक दिसला किंवा उतार लागला आणि पाय काढला, की तळाखालून बारीक थरथर सुरू. ब्रेक लावलेला नसायचा, गाडी आपली आपण पुढे जात असायची, आणि मागची सीट अंगात आल्यासारखी हलायची. पुन्हा पाय दिला की सगळं शांत. सोलापूरकडून तुळजापूरला जाताना घाट लागतो. देवीचं दर्शन घेऊन तो घाट उतरताना तर ही थरथर पायथ्यापर्यंत सोबत राहिली. सासूबाईंनी डोळे न उघडता एवढंच विचारलं, "गाडी पोचवंल ना गं आपल्याला?"

एका गॅरेजमध्ये दाखवली. लक्षण पुरतं सांगायच्या आतच उत्तर मिळालं, "व्हील बॅलन्सिंग करा." केलं. फरक नाही. मग म्हणाले, "मागचे टायर गेलेत." दोन टायर घेतले. फरक नाही. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, "इंजिन उतरवून बघावं लागंल, चार दिवस गाडी ठेवा." तोपर्यंत साडेनऊ हजार रुपये खर्च झाले होते, आणि बार्शीची पुढची तारीख आठ दिवसांवर आली होती. ह्यांनी आपल्या स्वभावाप्रमाणे तोडगा काढला, "पाय काढल्यावर थरथरते ना? मग पाय काढूच नकोस!" हसावं की रडावं कळेना.

आमच्या शेजारी एक काका राहतात. उभी हयात कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटरकी केलेले. कुर्डुवाडी आमच्याच तालुक्यातलं, पण रेल्वेचं गाव. अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली तिथूनच बार्शीकडे धावायला लागली. आता ती छोटी गाडी गेली, रूळ रुंद झाले; तरी तिथल्या जुन्या माणसांचे कान अजून तयार आहेत. काकांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "सूनबाई, ती ओढताना थरथरते का ढकलताना?"

मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्यांनी बैलगाडीचा दाखला दिला. चढावर बैल गाडीला ओढतात, तेव्हा सगळा ताण एका बाजूला असतो. जू, जोती, शिवळा, सगळं घट्ट ताणलेलं. उतार लागला की गाडी बैलांना ढकलायला लागते. ताण उलटा होतो. मग एखादी शिवळ झिजून सैल झाली असेल, तर चढावर ती गप्प बसते आणि उतारावर खडखडते. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर उतारावर बघा. ट्रॉली मागून रेटायला लागली की जोडाची पीन खाडखाड वाजते. रेल्वेतही तेच. इंजिन ओढत असताना डब्यांची कपलिंगं ताणलेली असतात, आणि इंजिनानं वेग कमी केला की मागचे डबे पुढच्यांवर रेलतात.

"मोटारीचं वेगळं काही नसतं," काका म्हणाले. "तू पाय देतेस तेव्हा इंजिन चाकांना फिरवतं. पाय काढलास की चाकं इंजिनाला फिरवतात. ताण उलटा झाला की ज्या सांध्यात फट असंल, तो सांधा बोलतो."

मी बी.ए.ला मराठी घेतलं होतं. यंत्रशास्त्राशी माझा संबंध शिलाई मशीनच्या तेलापुरता. पण हे एक वाक्य ऐकल्यावर डोक्यात लख्ख पडलं. टायर, इंजिन, बॅलन्सिंग हे सगळे तर्क 'काय बिघडलं' याचे होते. 'केव्हा बिघडतं' हे कुणी धड विचारलंच नव्हतं. आणि ते सांगायला मिस्त्री असावं लागत नाही. गाडी रोज चालवणारं माणूसच ते सांगू शकतं.

रविवारी पहाटे आम्ही दोघं कुर्डुवाडीच्या रस्त्याला निघालो. रस्ता सरळ, सपाट आणि मोकळा असेल तिथेच तपासायचं, हे आधी ठरवलं होतं. मी चालवायची आणि ह्यांनी वहीत लिहायचं. नियम एकच, आणि तो आपल्या रोजच्या कामातला. आमटी बिघडली म्हणून मीठ, चिंच आणि गूळ एकदम घातलं, तर चव कशानं सुधारली ते कळत नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पहिली तपासणी: वेग तोच ठेवायचा, पाय बदलायचा. साठच्या वेगात पाय हलका दिलेला असताना थरथर नाही. पाय काढला की थरथर. पुन्हा दिला की गेली. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. चाकाचं बॅलन्सिंग बिघडलं असतं, तर चाकाला माझा पाय कुठे आहे ते काय ठाऊक? त्या वेगाला गाडी पाय दिला तरी हलली असती आणि काढला तरी हलली असती.

दुसरी तपासणी: त्याच वेगात पाय काढून क्षणभर क्लच दाबायचा. क्लच दाबला की इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटतो, म्हणजे ओढणंही नाही आणि ढकलणंही नाही. आमची थरथर पुष्कळ कमी झाली. क्लच सोडला की पुन्हा आली. म्हणजे दुखणं ताण उलटा होण्याशीच बांधलेलं होतं. ही तपासणी सपाट मोकळ्या रस्त्यावर, दोन-तीन सेकंदांपुरतीच करायची. उतारावर नाही, आणि गाडीची किल्ली फिरवून इंजिन बंद तर कधीही करायचं नाही. इंजिन बंद झालं की ब्रेकची मदत जाते, पाय जड होतो, आणि किल्ली काढली तर स्टिअरिंग कुलूपबंद होऊ शकतं.

तिसरी तपासणी: वेग तोच, गिअर वेगळा. साठच्या वेगात पाचव्या गिअरमध्ये पाय काढला आणि मग चौथ्यात. गिअर खालचा असला की त्याच वेगाला इंजिन जास्त फेरे घेतं. थरथर इंजिनाची असेल, तर गिअर बदलल्यावर तीही दुसऱ्याच वेगाला जाते. आमची थरथर दोन्ही गिअरमध्ये त्याच साठ-सत्तरच्या दरम्यान आली. चौथ्यात जरा जोरात, कारण खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला जास्त अडवतं आणि उलटा ताण वाढतो. याचा अर्थ बिघाड गिअरबॉक्सच्या मागे होता. शाफ्ट, त्याचे सांधे किंवा मागचं डिफरेन्शियल. इंजिन उतरवायचा चार दिवसांचा खर्च या एका नोंदीनं वाचला.

चौथी तपासणी: थरथर कुठे जाणवते? हातात, म्हणजे स्टिअरिंगला, जाणवली तर बहुधा पुढची चाकं. फक्त ब्रेक दाबल्यावर आली तर ब्रेकची डिस्क किंवा ड्रम. बुडाखाली, सीटला आणि तळाला जाणवली तर शोध मागे वळवायचा. आमची मागच्या सीटला सगळ्यांत जास्त होती, आणि सासूबाई नेमक्या तिथेच झोपायच्या.

पाचवी तपासणी गाडीत बसून केलीच नाही, घरी कागदावर केली. शाळेत अर्धवेळ शिकवताना कधी गणिताचाही तास घ्यावा लागतो, तो कामी आला. आमच्या गाडीच्या चाकाचा घेर दोन मीटरच्या आसपास. तासाला ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १६ ते १७ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला आठ फेरे घेतं. मागच्या डिफरेन्शियलमधल्या दात्यांमुळे अशा गाड्यांत शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट फिरतो. म्हणजे सेकंदाला तीस-पस्तीस फेरे. आता चाकाचा दोष असेल तर सेकंदाला आठ धक्के बसतील. ते 'धडधड' असे वेगवेगळे कळतात. तीस-पस्तीस धक्के वेगळे कळतच नाहीत. मोटरच्या शिलाई मशीनच्या टेबलावर हात ठेवला की जाणवते, तशी ती एकसंध बारीक थरथर असते. आमची तशीच होती. एवढं गणित आधी झालं असतं, तर मागच्या टायरना कुणी बोटही लावलं नसतं.

सोमवारी वही घेऊन मी गाडी तिसऱ्या, एका लहानशा गॅरेजात नेली. मिस्त्री पोरसवदा होता. त्यानं वहीचं पान दोनदा वाचलं आणि म्हणाला, "मॅडम, एवढं लिहून कुणी आणत न्हाई. लोक म्हणत्यात, गाडी हालती, बघा."

गाडी सपाट जागेवर, चाकांना ओट लावलेले, इंजिन थंड. तो तळाखाली सरकला, दोन्ही हातांनी शाफ्ट धरून पुढे-मागे पिळायला लागला. पुढच्या टोकाला काही नाही. मागच्या टोकाला 'खट्' वाजलं. उलटं पिळलं, पुन्हा 'खट्'. "मागला क्रॉस गेलाय," तो आतूनच ओरडला. मग मला वाकून बघायला सांगून त्यानं बॅटरीचा झोत पाडला. सांध्याच्या वाट्यांभोवती लालसर पूड जमली होती. आतलं ग्रीस संपून सुयांसारखी बारीक बेअरिंग कोरडी फिरली की गंजाची अशी पूड बाहेर येते. रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये टाकताना गाडीतून 'खट्' आवाज येतो का, हेही त्यानं विचारलं. येत होता. ते त्याच दुखण्याचं दुसरं लक्षण.

हा 'क्रॉस' म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. खड्ड्यांतून जाताना मागची चाकं वर-खाली होतात, पण इंजिन आणि गिअरबॉक्स आपल्या जागेवर असतात. म्हणून मधला शाफ्ट सरळसोट जोडून चालत नाही. त्याला दोन्ही टोकांना आपल्या मनगटासारखे वळणारे सांधे लागतात. अशा सांध्यात बेरजेच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा असतो, तोच क्रॉस. कल्पना फार जुनी आहे. १६ व्या शतकातल्या इटलीच्या कार्दानोचं नाव या सांध्याला चिकटलं आहे, आणि १७ व्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकनं त्यावर काम केलं म्हणून काही जण त्याला हूकचा सांधा म्हणतात.

या सांध्याची एक खोड आहे. तो वाकून फिरत असला की पुढचा दांडा एकसारखा फिरला तरी मागचा एकसारखा फिरत नाही. दर फेऱ्यात दोनदा किंचित पुढे धावतो आणि दोनदा किंचित रेंगाळतो. म्हणून शाफ्टला एक नाही, दोन सांधे देतात, आणि ते अशा रीतीनं बसवतात की एकाची खोड दुसऱ्यानं भरून निघावी. जावाजावांच्या घरात एकीचा तापटपणा दुसरीच्या शांतपणानं निभतो ना, तसंच. मात्र शाफ्ट काढून परत जोडताना तो पूर्वीच्याच जागी बसला पाहिजे. एखादा दाता इकडेतिकडे झाला तर नवा क्रॉस घालूनही नवीच थरथर सुरू होते. म्हणून शाफ्ट काढण्यापूर्वी दोन्ही तुकड्यांवर समोरासमोर खूण करून घ्यायची. आमच्या मिस्त्रीनं पंचनं टिपके मारले. तुमचा मिस्त्री विसरला तर तुम्ही आठवण करा. खडूची रेघसुद्धा चालते.

आता थरथर पाय काढल्यावरच का यायची, हेही उलगडलं. पाय दिलेला असताना क्रॉस वाटीच्या एकाच बाजूवर दाबून बसलेला असायचा, त्यामुळे झीज झाकली जायची. पाय काढला की ताण उलटा, क्रॉस झिजलेल्या बाजूला सरकायचा, शाफ्ट आपल्या मध्यावरून किंचित ढळायचा, आणि सेकंदाला तीस-पस्तीस वेळा ढळून फिरणारा जड लोखंडी दांडा सगळा तळ हलवायचा. जुन्या जात्याचा खुंटा सैल झाला की पाळी कशी एका अंगाला डुलते, आठवा.

दोन तासांत काम झालं. क्रॉस, ग्रीस आणि मजुरी मिळून दोन हजारांच्या आत. पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट मिस्त्रीनं शेवटी सांगितली. असा सांधा झिजत झिजत एक दिवस तुटतो. मागचं टोक सुटलं तर शाफ्ट रस्त्यावर आपटत जातो. पुढचं टोक सुटून रस्त्यात रुतलं तर गाडी उचलली जाऊ शकते. आणि शाफ्ट तुटला की उतारावर गाडीला अडवणारं इंजिन क्षणात चाकांपासून वेगळं होतं. तुळजापूरच्या घाटात हे झालं असतं तर, हा विचार मी तिथेच सोडून दिला.

नंतरच्या बार्शीच्या फेरीत सासूबाई येताना मागच्या सीटवर झोपल्या त्या माढा येईपर्यंत. घरी उतरताना म्हणाल्या, "आज रस्ता नवा केलाय वाटतं." मी म्हटलं, "हो आई, कालच केला."

मैत्रिणींनो, तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल, तर तिच्या तळाखाली हा लांब शाफ्ट नसेल. पण ओढ आणि ढकल तिलाही आहेच. पाय काढला की इंजिन एका अंगाला कलतं, दिला की दुसऱ्या अंगाला. त्याला तोलून धरणारे रबरी आधार असतात, त्यांना गॅरेजमध्ये 'फाउंडेशन' म्हणतात. ते फाटले की पाय काढताक्षणी धक्का किंवा थरथर येते. पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या आखूड शाफ्टांनाही सांधे असतात. त्यांच्यावरची रबरी टोपी फाटून ग्रीस बाहेर उडालंय का, तेही पाहून घ्यावं. विजेवरच्या गाड्यांत तर पाय काढला की मोटर उलट वीज तयार करायला लागते आणि गाडीला अडवते. म्हणजे ताण तिथेही उलटतोच. तपासण्याची रीत तीच, फक्त वहीत गिअरचा रकाना नसेल.

याच निमित्तानं एक सवय मोडायला सांगते. आपल्याकडे पुष्कळ जण उतार लागला की गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात, "पेट्रोल वाचतं" म्हणून. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांच्या काळातली ही समजूत. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत, गाडी गिअरमध्ये असताना आणि इंजिनाचे फेरे पुरेसे असताना पाय पूर्ण काढला, की इंधन आपोआप तोडलं जातं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन नुसतं जागं ठेवायलाही इंधन लागतंच. म्हणजे बचत तर नाहीच, उलट इंजिनाची अडवणूक गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर. लांब घाटात ब्रेक तापले की ते हळूहळू लागेनासे होतात. म्हणून ज्या गिअरमध्ये गाडी आपण होऊन आवरली जाईल, त्या खालच्या गिअरमध्येच घाट उतरायचा.

मोटारीच्या अगदी सुरुवातीच्या काळात उतारावरच्या ब्रेकची ही चिंता एका बाईनंही केली होती, हे तुम्हांला ठाऊक आहे? जर्मनीत कार्ल बेंझ यांनी मोटार बनवली, पण ती लांबच्या प्रवासाला कामाची आहे यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांची पत्नी बर्था नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून आपल्या माहेरी, फोर्ट्सहाइमला ती मोटार घेऊन गेली. शंभर किलोमीटरांहून जास्त अंतर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली. उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा एका चांभाराकडून त्यांना चामडं लावून घेतलं. चढावर गाडी दमली, तेव्हा परतल्यावर नवऱ्याला सांगून आणखी एक गिअर बसवायला लावला. माहेरची ओढ कुणाला काय काय शिकवील, सांगता येत नाही!

तेव्हा तुमची गाडी थरथरायला लागली, तर गॅरेजला जाण्याआधी मुलांच्या जुन्या वहीतलं एक कोरं पान फाडा. त्यावर पाच रकाने आखा: वेग, गिअर, पाय दिलेला की काढलेला, क्लच दाबल्यावर काय झालं, आणि थरथर हाताला की सीटला. गाडी सपाट मोकळ्या रस्त्यावर न्या, लिहायला कुणाला तरी शेजारी बसवा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. मात्र जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्वतः कधीही जाऊ नका. ते काम मिस्त्रीचं, त्याच्याकडे त्याची साधनं असतात. तो घाईनं "टायर बदला" म्हणाला, तर ते पान त्याच्यापुढे धरा आणि काकांचा प्रश्न विचारा: "दादा, ही ओढताना गप्प असते आणि ढकलताना थरथरते. मग टायर कसा?"

आमची ती वही आता गाडीच्या कप्प्यात कायमची असते. परवा ह्यांनी उघडून पाहिली, तर शेवटच्या पानावर सासूबाईंच्या थरथरत्या अक्षरात एक नोंद होती: "डावं मागचं दार लावताना दोनदा आपटावं लागतं. बघणे."